१ पार्सेक म्हणजे किती एल? (आणि किती वार, किती गज, किती नऊवारी?)

मागवाला_इचल

नमस्कार मंडळी,

आमच्या इचलकरंजीत एका वाचनालयात २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं छोटंसं प्रदर्शन असतं, यंदा ताऱ्यांच्या अंतरांचा तक्ता माझ्या गळ्यात पडलाय. किलोमीटरमध्ये लिहिलं की लोक शून्यं बघतात आणि पुढे सरकतात, चहाच्या टेबलाकडे. म्हणून म्हटलं गाव कापडाचं आहे तर अंतरंही कापडाच्याच मापात देऊ. वार, गज, हात, तसू आणि गंमत म्हणून जुनी विलायती मापं, एल, नेल वगैरे. एक्सेल केलं, एका बाजूला खगोलीय एकक (पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर), प्रकाशवर्ष (प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर), पार्सेक (साधारण सव्वातीन प्रकाशवर्षं) आणि दुसऱ्या बाजूला ही सगळी कापडवाली मंडळी.

गाडी एलवर अडली. एक कन्व्हर्टर साइट म्हणते १ पार्सेक = २.७ × १०^१६ एल, दुसरी म्हणते ४.५ × १०^१६. हा काय पाचदहा टक्क्यांचा फरक नाही राव. कुणीतरी पार्सेकच चुकीचा घेतलाय का? गजाचं तर त्याहून भारी, कुठे २७ इंच, कुठे ३३, कुठे ३६. नक्की कुठला धरू? आणि पहिल्या साइटनं दशांश चिन्हापुढे बारा आकडे दिलेत, ते सगळे तक्त्यावर लिहायचे का?

"रिकामटेकडा उद्योग" म्हणणाऱ्यांना आधीच दंडवत.

दुर्बीणवाला

पार्सेक दोन्हीकडे बरोबर आहे, निश्चिंत राहा. एल वेगळे आहेत.

तुमच्या दोन आकड्यांचा भागाकार करून बघा, २.७ भागिले ४.५ बरोबर ०.६, म्हणजे ३/५. इंग्लिश एल ४५ इंचांचा, फ्लेमिश एल २७ इंचांचा, २७/४५ पण ३/५च. पहिल्या साइटनं इंग्लिश घेतलाय, दुसरीनं फ्लेमिश घेतलाय आणि दोघींनीही नाव नुसतं "एल" ठेवलंय. कन्व्हर्टर साइटींची ही जुनी खोड आहे.

खगोलाच्या बाजूला वादाला जागाच नाही हो. खगोलीय एकक २०१२ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं बीजिंगच्या अधिवेशनात ठरवून टाकलं, १४९,५९७,८७०,७०० मीटर, अगदी तंतोतंत, मोजमाप नाही तर व्याख्या. पार्सेक म्हणजे ६,४८,००० भागिले π (पाय) इतकी खगोलीय एककं, हे २०१५ ला ठरलं. प्रकाशवर्षात ३६५.२५ दिवस आणि प्रकाशाचा ठरलेला वेग, तेही तंतोतंत. आणि वार म्हणजे यार्ड, तो १९५९ पासून ०.९१४४ मीटर, तोही तंतोतंत. त्यामुळे सगळं आधी वारात आणा, मग पुढचं सोपं:

१ खगोलीय एकक = १६,३६० कोटी वार
१ प्रकाशवर्ष = १.०३४६ × १०^१६ वार
१ पार्सेक = ३.३७४५ × १०^१६ वार

आता एल वारात किती ते बघा. इंग्लिश एल सव्वा वार, फ्लेमिश एल पाऊण वार. इंग्रज व्यापारी ज्याला फ्रेंच एल म्हणायचे तो दीड वार, पण पॅरिसची खरी 'ओन' भरायची १.१८८ मीटर म्हणजे १.३ वारच. स्कॉटलंडचा एल ३७ इंची, वारापेक्षा इंचभर मोठा. त्यांच्या डंकेल्ड गावात एका घराच्या भिंतीला अशी लोखंडी एलपट्टी अजून ठोकलेली आहे, १७०६ सालची. बाजारात आलेल्या माणसानं कापड तिथे लावून बघायचं, दुकानदारानं माप मारलं तर तिथल्या तिथे कळायचं.

नेल राहिलाच. तो वाराचा सोळावा भाग, सव्वादोन इंच. मग पार्सेकात ५.४ × १०^१७ नेल.

बारा दशांश लिहू नका. पार्सेक बारा काय बावीस दशांशांपर्यंत काढता येईल पण सोळाव्या शतकातल्या लंडनच्या कापडवाल्याची पट्टी हजारात एका भागानं तरी बरोबर होती का हे कोण सांगणार? २.७० लिहा आणि सोडा.

कापडवाले_काका

वर दुर्बीणवाल्यांनी छान सांगितलंय. गजाचं मी सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या कापडाचं दुकान होतं.

"गज" असं नुसतं कधीच लिहू नका. जुन्या मुंबई इलाख्याचा गज २७ इंची, त्याचे २४ तसू, एक तसू म्हणजे सव्वा इंचालाही थोडा कमी, १.१२५ इंच. १६ तसू झाले की एक हात, १८ इंच. बंगालचा गज ३६ इंची, म्हणजे आपला वारच झाला. मद्रासचा ३३. अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा होता, इंग्रजांनी जमीन मोजायला तो ३३ इंचाचा धरला. तुमच्या पुस्तकांत तीन वेगळे आकडे आलेत ते तिन्ही बरोबर आहेत, फक्त प्रांत लिहायचा राहिलाय.

आता गंमत बघा, मुंबई गज २७ इंच आणि फ्लेमिश एल पण २७ इंच. तुमच्या शीटमध्ये दोन्ही कॉलम सेम येतील, घाबरून जाऊन फॉर्म्युला तपासत बसू नका. तसंच १६ गिरहांचा गज ३६ इंची धरला तर गिरह येतो सव्वादोन इंच, म्हणजे विलायती नेल. तेही सेम.

आणि हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. कागदावर १८ इंच ठीक आहे. पण बाजारात कुणाचा हात? आजोबा सांगायचे की काही पेठांत गिऱ्हाईक घरातला उंच माणूस मुद्दाम सोबत आणायचं आणि दुकानदार मापायला बुटका नोकर पुढे करायचा 😄 लोखंडी गज आल्यावरही कला संपली नाही, कापड ताणून धरलं की दर वाराला अर्धा इंच दुकानदाराचा. सुती कापड ताणलं जातं, धुतलं की आटतं, गिऱ्हाईक म्हणतं कापड आटलं, कापड बिचारं होतं तेवढंच असतं.

मापाचा कायदा १९५६ ला झाला, मग मीटर आले, तरी आमच्याकडे येणाऱ्या बायका "दोन वार परकराचं द्या" असंच म्हणायच्या आणि आम्ही मीटरपट्टीवर १.८३ ला कात्री लावायचो.

शून्यलब्धी

मस्त धागा! पण मंडळी तुम्ही विलायतेला का गेलात? आपल्याकडे कापडाचं माप आणि आकाशाचं माप एकाच कोष्टकात आहे की.

लीलावतीत भास्कराचार्यांनी (११५०) कोष्टक दिलंय: ८ यव म्हणजे अंगुळ, २४ अंगुळं म्हणजे हात, ४ हात म्हणजे दंड, २००० दंड म्हणजे कोस, ४ कोस म्हणजे योजन. म्हणजे योजनात ३२,००० हात. आर्यभटाचं (४९९) योजन ८००० पुरुष उंचीचं आणि पुरुष ४ हातांचा, तेही ३२,००० हातच. आणि ग्रहगोलांची अंतरं योजनातच दिलेली आहेत. म्हणजे तुमच्या तक्त्यात हात ते योजन अशी सरळ ओळ टाकता येईल, मध्ये मीटर नको, यार्ड नको.

शिवाय संख्यांची नावं! लीलावतीत एकं दहं पासून परार्धापर्यंत नावं आहेत, परार्ध म्हणजे १०^१७. त्यात १०^१५ ला अंत्य, १०^१६ ला मध्य. म्हणजे एक प्रकाशवर्ष = एक मध्य वार (आणि वर थोडं), एक पार्सेक = सव्वातीन मध्यांहून थोडं जास्त. ताऱ्यांची अंतरं वारात मांडली की बरोबर त्या यादीच्या शेवटच्या दोनतीन खणांत बसतात. हे लिहाच तक्त्यावर, शून्यांपेक्षा बरं दिसेल.

वेदांग_प्रेमी

+१. पाश्चात्त्यांना एल का गज कळत नव्हता तेव्हा आपल्या पूर्वजांनी पृथ्वीचा व्यास अचूक मोजला होता. योजन घ्या, सगळे प्रश्न सुटतील.

दुर्बीणवाला

@वेदांग_प्रेमी, सुटत नाहीत हो, वाढतात. करून बघू.

आर्यभटानं पृथ्वीचा व्यास दिलाय १०५० योजनं. गुणिले ३२,००० केलं की ३ कोटी ३६ लाख हात. १८ इंची हात धरला तर १५,३६२ किमी, खरा व्यास १२,७४२. बरं, हात लहान होता म्हणून सोडून देऊ. पण भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत व्यास १५८१ योजनं आणि थोडा अंश आहे. त्यालाही लीलावतीचेच ३२,००० हात लावले तर येतात २३,१३१ किमी. सूर्यसिद्धांत सांगतो १६०० योजनं. पृथ्वी तर तेवढीच आहे, मग कुठलंतरी योजन किंवा कुठलातरी हात निम्म्याच्या जवळपास असणार. म्हणजे जे एलचं झालं तेच योजनाचं, नाव एक आणि मापं दोन. @शून्यलब्धी, ती सरळ ओळ तक्त्यावर टाकू नका, शाळेतली पोरं कॅल्क्युलेटर घेऊन येतात आणि तुम्ही तोंडघशी पडता.

पण यात एक फार हुशारीची गोष्ट आहे ती "अचूक मोजलं" म्हणण्याच्या नादात निसटते. ह्या लोकांना लागायची ती गुणोत्तरं, आणि गुणोत्तरात हात कटतो. सूर्यसिद्धांतात चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनं, म्हणजे चंद्र ५१,५६६ योजनांवर. पृथ्वीची त्रिज्या ८००. भागा, येतं ६४.५. आजचा सरासरी आकडा ६०.३. हात बारा इंची असो की अठरा, हा ६४.५ हलत नाही. आर्यभटाचं चंद्रबिंब ३१५ योजनं आणि चंद्राच्या अंतरावर एका कलेला (अंशाच्या साठाव्या भागाला) १० योजनं, म्हणजे चंद्र ३१.५ कला दिसायला हवा, आणि जवळजवळ तेवढाच दिसतो. हे मला १०५० योजनांपेक्षा कितीतरी भारी वाटतं.

सूर्याच्या बाबतीत मात्र गडबड आहे. सूर्यसिद्धांताची सूर्यकक्षा ४३,३१,५०० योजनं, म्हणजे सूर्य पृथ्वीच्या त्रिज्येच्या ८६२ पट लांब, खरा आकडा आहे २३,५०० च्या आसपास. नुसत्या डोळ्यानं सूर्याचं अंतर निघत नाही, ग्रीकांचंही इथेच फसलं होतं, त्यात कुणाला कमीपणा नाही.

वेदांग_प्रेमी

पूर्वजांबद्दल आदर ठेवून बोला.

दुर्बीणवाला

ठेवूनच भागाकार केला.

पैठणीवाली

तुमचं योजन चालू द्या, मला नऊवारीचा हिशोब हवाय 😂

नऊ वार = ८.२३ मीटर. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किमी, म्हणजे ४२ कोटी ४ लाख वार, म्हणजे ४ कोटी ६७ लाख नऊवारी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बायका (अगदी तान्ह्या पोरी धरून) ५ कोटी ४१ लाख. सगळ्यांनी एकेक नऊवारी पदराला पदर लावून सोडली की चंद्र गाठून वर ७४ लाख साड्या उरतात. सूर्यासाठी मात्र १,८१८ कोटी नऊवारी, देशात १४० कोटी माणसं धरली तर माणशी १३, पुरुषांनाही घ्याव्या लागतील.

पण एक सांगते, दुकानात नऊवारी मागितली की भरेलच नऊ वार असं समजू नका. सहावारी म्हणून जी मिळते ती साडेपाच मीटर असते ते ठीक, सहा वार होतात. नऊवारी मी स्वतः घरी आणून मापलीय, आठ मीटरला टेकली फक्त. काष्टा घालताना कळतं बरोबर. त्यामुळे तक्त्यावर "नऊवारी (खरीखुरी, नऊ वार भरलेली)" असं लिहा.

कापडवाले_काका

@पैठणीवाली ताई, गाठी मारल्या तर दर साडीला दोन्ही टोकांची वीतभर जाईल तेही धरा 🙂

फुकटचा_सल्ला

माफ करा पण या सगळ्याचा उपयोग काय? पार्सेकचे एल करून कुणाचं भलं होणारे? सरळ प्रकाशवर्षं लिहा, ज्याला कळायचं त्याला कळेल.

दुर्बीणवाला

ज्याला कळायचं त्याला आधीच कळलेलं असतं, तक्ता बाकीच्यांसाठी आहे.

मला तर यातून एक गोष्ट फार मजेशीर वाटली. प्रॉक्झिमा हा सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, गाया दुर्बिणीनं त्याचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जागेवरून सरकल्यासारखा दिसतो तो कोन) मोजलाय ०.७६८ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), चूक दहा हजारात एका भागाहूनही कमी. एक भागिले ०.७६८ केलं की १.३०२ पार्सेक. म्हणजे सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा तारा आपल्याला दहा हजारात एका भागानं माहितीय आणि मुंबईचा गज मद्रासला नेला की २७ चा ३३ होतो. प्रॉक्झिमाचं अंतर गजात सांगताना सगळी अनिश्चितता गजाची आहे, ताऱ्याची जवळजवळ नाहीच.

@मागवाला_इचल, तुम्हाला पार्सेक समजावायला कापडाचंच उदाहरण देतो. पार्सेक म्हणजे जिथून एक खगोलीय एकक एक आर्कसेकंद रुंद दिसतं ते अंतर. खगोलीय एककाच्या जागी वाराची पट्टी घ्या. ती एक आर्कसेकंद दिसायला २,०६,२६५ वार लांब जावं लागतं, १८८.६ किमी. आणि इचलकरंजी ते सोलापूर हवाई अंतर नकाशावर मापा, साधारण १८८ किमीच भरतं! म्हणजे सोलापुरात कुणी तुमच्याकडे तोंड करून वाराची पट्टी आडवी धरून उभा राहिला (मधली हवा, डोंगर, पृथ्वीची गोलाई सगळं विसरून) तर इचलकरंजीतून ती जेवढी दिसेल तेवढा एक आर्कसेकंद. या मापात पृथ्वी-सूर्य अंतर एक वार आणि प्रॉक्झिमा सोलापूरच्याही पुढे, २४५ किमीवर. दोन्ही गावं कापडाची, अजून काय पाहिजे.

मागवाला_इचल

आईशप्पथ, सोलापूरचं भारीच निघालं! तक्त्याच्या मधोमध नकाशा काढून हेच टाकतो. एलचा एकच कॉलम ठेवलाय, "इंग्लिश एल (४५ इंच)" असं पूर्ण नाव देऊन, आणि गजाच्या पुढे "मुंबई, २७ इंच". योजन काढून टाकलं, ६४.५ आणि ६०.३ वाली ओळ मात्र घेतली. मध्य आणि अंत्य पण घेतलेत, @शून्यलब्धी धन्यवाद.

@फुकटचा_सल्ला, तुमच्यासाठी मुद्दाम एक हिशोब केलाय, आमच्या गावाला कळेल असा. साधा यंत्रमाग, मिनिटाला १५० पीक (पीक म्हणजे आडव्या धाग्याचा एक फेरा), कापड इंचाला ६० पीक. म्हणजे मिनिटाला अडीच इंच, तासाला १५० इंच, चोवीस तास चालला तर दिवसाला बरोबर १०० वार. (कांडी संपली, ताण्याचा धागा तुटला, लाइट गेली, जॉबर (माग दुरुस्त करणारा) वेळेवर आला नाही, हे सगळं शून्य धरलंय, मालक लोक धरतात तसं.) असे एक लाख माग एकाच वेळी लावले तर दिवसाला एक कोटी वार. मग:

चंद्रापर्यंतचं कापड: ४२ दिवस
सूर्यापर्यंत: १६,३६० दिवस, म्हणजे पावणेपंचेचाळीस वर्षं
प्रॉक्झिमापर्यंत: १ कोटी २० लाख वर्षं

आमच्या शेजारच्या मागावर एकजण आहेत, चाळीस वर्षं पिकावर मजुरी घेतायत, त्यांना हे वाचून दाखवलं. चंद्राला मान हलवली. सूर्याला म्हणाले, "म्हंजे माझी सगळी नोकरी आणि वर पाच वरसं." प्रॉक्झिमाचा आकडा ऐकून थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "मजुरी कुठल्या रेटनं?" प्रकाशवर्षं लिहिली असती तर हा प्रश्न आला असता का सांगा.

शून्यलब्धी

@मागवाला_इचल, मजुरीचाही कॉलम टाका. प्रॉक्झिमापर्यंत ४.३९ मध्य वार, वाराला ३६ इंच, इंचाला ६० पीक, म्हणजे ९.५ × १०^१९ पीक. हे परार्धाच्याही पुढे गेलं, भास्कराचार्यांची यादी इथे संपली, नाव तुम्हीच ठेवा.

पैठणीवाली

त्या काकांना विचारा अंत्याला पैसे किती 😂

दुर्बीणवाला

हिशोब तपासला, बरोबर आहे. एकच बारीक गोष्ट, तक्त्यावर "सरासरी" हा शब्द चंद्र आणि सूर्य दोन्हीपुढे हवा. चंद्र ३.६३ लाख ते ४.०५ लाख किमी असा जवळलांब होतो, त्यात ४ कोटी ६० लाख वारांचा फरक पडतो, म्हणजे ताईंच्या पन्नासेक लाख नऊवारी. आणि १६,३६० कोटी वार हे एक खगोलीय एकक आहे, पण पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, त्यामुळे २८ फेब्रुवारीला आपण सरासरीपेक्षा जवळजवळ एक टक्का अलीकडेच असू. प्रदर्शनाच्या दिवशी तुमचं कापड दीडशे कोटी वारांच्या आसपास जास्त होईल.

कापडवाले_काका

दीडशे कोटी वार कटपीस? मला कळवा, उचलतो. फक्त मापायला माणूस आमचा.